विजयाताई आणि तीन दुकानांची बिस्किटं

कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागात विजयालक्ष्मी टिळेकर या नावानं कोणाला विचाराल तर कोणी सांगू शकणार नाही. मराठी मंडळींत त्या विजयाताई, आणि त्यांच्या माघारी ‘चौकशीची खिडकी’. हे नाव कोणी ठेवलं याचीही त्यांनी चौकशी केली होती. ती एकच चौकशी आजवर तडीस गेलेली नाही.

लग्नानंतर काही वर्षं नाशिकला सासरी काढून इथे आल्या तेव्हा त्यांना हिंदी जेमतेम यायचं आणि इंग्रजी वाचता यायचं, बोलता नाही. नवरा अनंतराव गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर. पहाटे कंपनीच्या बसनं रास लफानला जायचे ते दिवेलागणीला परतायचे. दिवसभर घरात विजयाताई आणि कडेवरचा कुणाल. इतर बायका अशा वेळी रडतात किंवा टीव्ही लावतात. विजयाताई खाली उतरल्या. इमारतीखाली एका अफगाणी माणसाचा तंदूर होता, आणि भिंतीला चिकटवलेली रोटी खाली निखाऱ्यात का पडत नाही, या प्रश्नानं त्यांना घरात बसू दिलं नाही. त्या रोज जाऊन उभ्या राहायच्या. तो बिचारा आधी लाजला, मग वैतागला, आणि शेवटी कणकेचा गोळा त्यांच्या हातावर ठेवून मोकळा झाला. पाणी किती, मीठ कधी, हात कुठवर घालायचा, सगळं त्यांनी काढून घेतलं. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा धड कळत नव्हती, पण पीठ मळायला भाषा कशाला लागते?

मग इथला दाट दुधाचा करक चहा झाला. मग शेजारच्या फिलिपिनो नर्सच्या डब्यातला भात झाला. लिफ्टमध्ये एखाद्याच्या हातात झाकलेलं पातेलं दिसलं की विजयाताईंचा मजला चुकलाच म्हणून समजा. माणसाच्या डब्यात काय आहे हे कळल्याशिवाय त्यांना तो माणूस कळल्यासारखं वाटत नाही. आणि कळलं की तेच घरी करून बघायचं आणि दुसऱ्या कोणालातरी खायला घालायचं. स्वतः ताटावर बसायचं नाही. पदर खोचून समोर उभं राहायचं आणि पहिला घास आत गेल्यावर खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं. तो चेहरा हाच त्यांचा खरा नाश्ता. त्यानंतर त्या जे खात, ते गार झालेलं असायचं आणि त्याची त्यांना पर्वा नसायची.

अशा बाईच्या घरात ज्ञानदा सून म्हणून आली.

कुणाल शिकायला अमेरिकेला गेला होता, तिथे दोघांची गाठ पडली. ज्ञानदाचे आईवडील मूळचे सांगलीचे, पण तिचा जन्म आणि सगळं वाढणं नॉर्थ कॅरोलिनातलं. कुणालला दोह्यातल्या एका बँकेत दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं तेव्हा दोघं इकडे आले आणि आईवडिलांच्याच फ्लॅटमध्ये राहिले. ज्ञानदाचं काम लॅपटॉपवरचं. मुलगी गुणी. मराठी सगळं समजायचं, बोलताना अर्ध्या वाटेवर इंग्रजीत शिरायची, पण ‘आई’ म्हणायची ते मनापासून.

आणि ती सगळं खायची. हेच तर दुखणं होतं.

थालीपीठ वाढलं, खाल्लं. “छान आहे, आई.” साबुदाण्याची खिचडी वाढली. “छान आहे, आई.” एकदा उपम्यात मीठ घालायचं राहून गेलं, तोही संपला आणि तोही छान होता. पान स्वच्छ करून ती उठायची, ताटली स्वतः विसळायची. पण “आई, अजून आहे?” असं तिनं कधी विचारलं नाही. “ते परवा केलं होतंत ना, ते परत करा,” असंही नाही. ज्या बाईनं अफगाण्यापासून अनंतरावांच्या साहेबापर्यंत सगळ्यांना दुसऱ्यांदा हात पुढे करायला लावलं होतं, तिच्या घरात ही एक मुलगी दीड वर्ष जेवून उठत होती आणि काहीही मागत नव्हती. विजयाताईंना ते फार लागलं होतं. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सून सगळं खाते ही काय तक्रार झाली?

त्यात कुणालचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपणार होतं आणि पुढची नोकरी ह्यूस्टनला ठरली होती. तिकडे गेल्यावर ही मुलगी आपल्या माणसांत, आपल्या खाण्यात जाणार. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तिनं आपल्या हातचं काहीतरी आपणहून मागून घ्यावं, एवढंच विजयाताईंच्या मनात होतं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्यांना गाडीच्या दाराच्या कप्प्यात एक कागदी पिशवी सापडली. आत लोण्याचा वास आणि थोडा चुरा.

शुक्रवार-शनिवार इथे सुट्टीचे, आणि शुक्रवारी सकाळी दोह्याचे रस्ते ओस असतात. त्या वेळी ज्ञानदा “एक काम आहे” म्हणून एकटीच गाडी घेऊन जायची आणि तासाभरानं यायची. विजयाताईंनी इतके दिवस त्याची चौकशी केली नव्हती, कारण सुनेची चौकशी करायची नाही असं त्यांनी कुणालला वचन दिलं होतं. पण चुऱ्याची चौकशी करायची नाही असं काही वचन नव्हतं. त्यांनी चुरा बोटावर घेतला, जिभेवर ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत कुणालकडून काढून घेतलं की हे कोंबडी तळणाऱ्या दुकानांत सकाळी मिळणारं बिस्किट आहे. चहात बुडवायचं नव्हे. मैदा, लोणी आणि ताकाचा, भट्टीत भाजलेला फुगीर गोळा. ज्ञानदाच्या गावाकडे लोक न्याहारीला हेच खातात. असली तीन दुकानं दोह्यात आहेत, एकमेकांची कट्टर वैरी, आणि प्रत्येकाचं म्हणणं असं की खरं बिस्किट आमचंच.

विजयाताईंनी चंग बांधला. तिघांची तुलना करायची, सगळ्यात चांगलं कोणतं ते शोधायचं, आणि त्याहून चांगलं घरी करून या मुलीपुढे ठेवायचं. बघू मग कशी मागत नाही ते.

एकच अडचण होती. विजयाताई शुद्ध शाकाहारी, आणि जिथे कोंबडी तळतात त्या दुकानाचा उंबरा त्यांनी इतक्या वर्षांत ओलांडला नव्हता. तेव्हा कामगिरी अनंतरावांवर आली. शनिवारी सकाळी त्यांच्या हातात पोळ्यांचा डबा देण्यात आला. आत धुतलेला मलमलचा रुमाल, वर घट्ट झाकण. गरम वस्तू घरी आणायची तर ती डब्यातून, रुमालात गुंडाळून. टिळेकरांच्या घरात त्याला दुसरी पद्धत नव्हती. आधी अंडं आहे का विचारायचं, मग बिस्किटं थेट डब्यात घ्यायची, झाकण लावायचं आणि कुठेही न थांबता घरी यायचं. काउंटरवरचा नेपाळी पोरगा डब्याकडे बघत राहिला तेव्हा अनंतराव फक्त “वाइफ” एवढंच म्हणाले. त्याला तेवढं पुरलं.

दुकानांची नावं विजयाताई घेत नसत. त्यांच्या पाट्यांच्या रंगावरून त्या ओळखायच्या. पहिल्या शनिवारी सलवा रोडवरच्या लाल पाटीवाल्याकडची आली, दुसऱ्या शनिवारी नारिंगी पाटीवाल्याकडची, तिसऱ्या शनिवारी हिरव्याकडची. चौथ्या शनिवारी अनंतरावांना तिन्हीकडे फिरवलं, कारण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तुलना कसली? मग बशा मांडल्या. “डोळे मिटा,” विजयाताई म्हणाल्या. अनंतरावांनी डोळे मिटले, आणि विजयाताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

लाल पाटीवाल्याचं खारट, लोणी सढळ. नारिंगीवाल्यानं वरून मध फासलेला, तो आत जिरून खालची बाजू चिकट झालेली. हिरव्या पाटीवाल्याचं सगळ्यांत उंच आणि म्हणे पदर सुटणारं, पण पदर एकमेकांना बिलगून बसलेले, नखानं सोडवावे लागत होते. चवीत फरक होता, नाही असं नाही. पण हाताला तिन्ही सारखी, मऊ, ओलसर, शिळ्या पावासारखी. दाबलं की दबायचं आणि तसंच राहायचं. अनंतरावांनी डोळे न उघडता तिन्ही वेळा “ठीक आहे” म्हटलं.

कुठेही जा, पळसाला पानं तीनच. विजयाताईंनी निकाल दिला की या पदार्थात काही दम नाही, आणि या तिघांच्या भांडणातही नाही. पण मग त्यांना दुसरंच कुतूहल लागलं. असल्या लिबलिबीत गोळ्यासाठी ही मुलगी दर शुक्रवारी एवढी लांब का जाते? जिथे तोंडाला पाणी सुटावं असं काही नाही, तिथे माणूस परत परत का जातं?

तिच्या गावचं म्हणून जात असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्या कामाला लागल्या. डिसेंबर सगळा त्यात गेला. ताकाऐवजी इथलं आंबट लबन घेतलं, लोणी फ्रीजरमध्ये दगड करून किसलं. पदर सुटण्याची युक्ती त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. घडीची पोळी करणाऱ्या बाईला पदर म्हणजे काय ते हातांना ठाऊक असतं. लाटायचं, तूप लावायचं, दुमडायचं, पुन्हा लाटायचं. पहिली खेप दगड झाली, दुसरी कच्ची राहिली, आणि पुढे कधीतरी ओव्हनच्या काचेतून बिस्किटं अशी काही फुलून वर आली की त्यांनी अनंतरावांना आंघोळ अर्धवट टाकून बघायला बोलावलं.

तो रविवार होता आणि ज्ञानदा लवकर उठली होती. विजयाताईंनी बिस्किटं ओव्हनमधून काढली, रुमालात गुंडाळली, डब्यात ठेवून झाकण लावलं आणि ती टेबलाशी येईपर्यंत जिवापाड जपली. मग तिच्यापुढे बशी ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या.

ज्ञानदा बघतच राहिली. “ओ माय गॉड, आई, हे तुम्ही केलंत?” तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले, आणि विजयाताईंना वाटलं, झालं, आपलं काम झालं. तिनं एक बिस्किट हातात घेतलं, तोडलं, एक घास घेतला. विजयाताई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ज्ञानदानं वर बघितलं, त्यांच्याशी नजर भिडली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही येऊ घातलं होतं ते जागीच थांबलं.

“छान आहे, आई,” ती म्हणाली.

तिनं ते पूर्ण खाल्लं. दुसरं घेतलं नाही. बशी विसळली आणि मीटिंगला गेली.

विजयाताई त्या दिवशी दुपारी जेवल्या नाहीत. अनंतराव म्हणाले की एवढं मनाला काय लावून घेतेस, बिस्किटच आहे. पण ते बिस्किट नव्हतं. आपल्यात आणि या मुलीत एक दार आहे आणि त्याची कडी आपल्याला सापडत नाही, याचं ते रडू होतं. त्या रडल्या, तोंड धुतलं, आणि मग त्यांच्या स्वभावानं पुन्हा डोकं वर काढलं. आपलं कुठे चुकलं हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.

पुढच्या शुक्रवारी ज्ञानदा किल्ली घेऊन निघाली तेव्हा विजयाताई चपला घालून दारात उभ्या होत्या. मला येऊ देशील का तुझ्याबरोबर, एवढंच त्यांनी विचारलं. ज्ञानदाचा चेहरा क्षणभर पडला. विजयाताईंच्या नजरेतून तो सुटला नाही, त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नाही. पण कुतूहलापुढे त्यांनी मानाचं काही चालू दिलं नाही.

“शुअर, आई,” ज्ञानदा म्हणाली.

दुकान हिरव्या पाटीचं निघालं. दारातच तेलाचा वास अंगावर आला. विजयाताईंनी ओढणी नाकाला लावली, आत पाऊल टाकलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ओढणी कुठे गेली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, कारण आतल्या बाजूला भट्टीतून एक ताट बाहेर येत होतं. एक फिलिपिनो मुलगी त्यावर कुंच्यानं लोणी फिरवत होती. विजयाताई थेट काउंटरपाशी गेल्या आणि किती वेळ भाजता, मध्ये उघडता का, लोणी खारं की बिनमिठाचं, असं सगळं विचारून आल्या. मुलगीही हसून सांगत होती. मग बिस्किटं आली. कागदावर, उघडी, वाफ सोडत.

विजयाताईंनी त्या दुकानात, त्या वासात, खुर्चीवर बसून बिस्किट हातात घेतलं आणि तोडलं. वरचं कवच कुडकन् मोडलं. आतून पदर सुटे सुटे उलगडले. त्यांनी तुकडा तोंडात टाकला. वर कडक, आत हलकं, जिभेवर विरघळणारं. हा पदार्थ त्यांनी यापूर्वी खाल्लेलाच नव्हता.

आणि मग त्यांना हसू फुटलं, एकदम, खांदे हलायला लागले. पोळ्यांचा डबा! वाफ बाहेर जाऊ नये म्हणून केलेला डबा, पोळी मऊ राहावी म्हणून घातलेला रुमाल. तीन दुकानांची बिस्किटं त्यांनी तपासलीच नव्हती, आपल्याच डब्याची चव दर शनिवारी घेतली होती. आणि स्वतः केलेली, काचेआड फुललेली ती बिस्किटंही त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच वाफेत कोंडली होती. त्यांनी ते ज्ञानदाला सांगितलं, बाबा डबा घेऊन कसे रांगेत उभे राहायचे तेही सांगितलं, आणि ज्ञानदाही मनापासून हसली. पावणेदोन वर्षांत त्या दोघी अशा हसल्या नव्हत्या.

“मग आता सांग,” विजयाताई पुढे सरसावून म्हणाल्या, “तिघांत चांगलं कोणतं?” आणि त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ज्ञानदानं एक घास घेतला. तो सावकाश चावला. मग उरलेलं अर्धं बिस्किट तिनं कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं.

“का गं? आवडलं नाही?”

“आई, तुम्ही रागावणार नाही ना?” तिनं विचारलं. “इथलं काही ग्रेट नसतं. तिन्ही ओके आहेत. आमच्याकडचं असं नसतंच.”

“मग दर शुक्रवारी एवढी लांब येतेस ती कशाला?”

“इथे मी खाताना माझ्याकडे कोणी बघत नाही.”

विजयाताईंना आधी कळलंच नाही. ज्ञानदा खाली मान घालून, शब्द शोधत बोलत होती. “तुम्ही घास गेला की माझा चेहरा बघता. रोज. मला वाटतं ही एक्झाम आहे. मग मला चवच लागत नाही, आई. मला फक्त पास व्हायचं असतं. तुमची बिस्किटं... मला खूप काहीतरी वाटलं होतं त्या दिवशी. आणि मी वर बघितलं तर तुम्ही बघत होतात.”

मग तिनं आप्प्यांची गोष्ट सांगितली. पहिल्याच महिन्यात एकदा तिच्या तोंडून ‘खूप छान’ निघून गेलं होतं, आणि पुढचा आठवडाभर घरात आप्पे होते. तेव्हापासून तिनं ‘खूप’ हा शब्द सोडून दिला होता.

विजयाताईंना राग आला. आधी रागच आला. जिच्यासाठी हात भाजून घेतले तिनं आपल्या नजरेला नावं ठेवावीत? परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि ज्ञानदाचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

घरी आल्यावर त्यांनी अनंतरावांना सगळं सांगितलं. नवरा आपली बाजू घेईल अशी खात्री होती. अनंतरावांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. “विजया,” ते म्हणाले, “मी जेवताना पेपर का वाचतो, तुला काय वाटलं?”

आता मात्र विजयाताई खाली बसल्या. सगळ्या संसारभर समोरच्या ताटापलीकडे तो पेपर उभा होता आणि त्यांना वाटायचं, माणसाला बातम्यांची हौस आहे. अनंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले की यंत्रं तपासताना आम्ही पण हे बघतो, कधी कधी तपासणाऱ्याचा हात लागल्यानंच काटा हलतो. विजयाताई म्हणाल्या, तुमची यंत्रं तुमच्यापाशी ठेवा. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, कारण त्यांना नाशिकचं सासर आठवत होतं.

तिथे पंगत उठायची, पानं रिकामी व्हायची, पण आमटी चांगली झाली की वाईट हे कोणी सांगत नसे. सांगितलं तर सून शेफारते, अशी त्या घरची समजूत. नव्या नवरीला कळायचं कसं? म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दाराआडून चेहरे वाचायला शिकल्या. सासऱ्यांच्या भुवया, दिरांची जीभ, सगळं त्यांना उमगायला लागलं. दोह्यात आल्यावर स्वतःचं घर झालं, दाराआड उभं राहायची गरज उरली नाही, आणि त्या दारातून बाहेर येऊन थेट ताटासमोर उभ्या राहिल्या. आपण इतकी वर्षं विचारत काय होतो? पदार्थ कसा झालाय, हे? की मी कशी आहे, हे? प्रत्येक घासाला उत्तर मागायचं म्हणजे समोरच्यानं जेवायचं कधी? राग गेला आणि त्या जागी लाज आली. ती बरी होती, निदान खरी होती.

ज्ञानदाला त्या काही म्हणाल्या नाहीत. माफी मागायला गेलो तरी आपण तिच्या चेहऱ्याकडेच बघणार, हे त्यांना ठाऊक होतं. वाढून झालं की त्या ओट्याकडे वळू लागल्या. पाठ फिरवून उभं राहणं त्यांना उपासापेक्षा अवघड गेलं. कान मात्र टवकारलेलेच असायचे, त्यांना कोण आवरणार?

मार्च आला. बैठकीत खोक्यांची रास लागली. ह्यूस्टनचं विमान शनिवारचं होतं, म्हणून शुक्रवारची न्याहारी शेवटची. त्या सकाळी ज्ञानदा कुठे गेली नाही. विजयाताईंनी पहाटे उठून पीठ मळलं, पदर दुमडले, आणि बिस्किटं ओव्हनमधून काढली ती जाळीवर, उघडी. जाळी तशीच टेबलाच्या मधोमध ठेवली, शेजारी लोणी आणि साखरांब्याची बरणी. मग त्यांनी कोणालाही न वाढता खुर्ची ओढली आणि सगळ्यांच्या आधी एक बिस्किट स्वतःच्या बशीत घेतलं.

कुणाल बघत राहिला. आई सगळ्यांबरोबर खायला बसलेली त्यानं लहानपणापासून पाहिली नव्हती. अनंतरावांनी पेपर उचलला, विचार केला आणि परत ठेवला.

विजयाताईंनी बिस्किट तोडलं. नजर बशीत रोवली. समोर ज्ञानदा बसली होती, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आणि जाळीवरून काहीतरी उचलल्याचा आवाज झाला. कवच मोडल्याचा झाला. त्यांची मान आपोआप वर जायला लागली, तिला त्यांनी दाबून खाली धरलं. आयुष्यात एवढी उत्सुकता त्यांना कशाचीच वाटली नव्हती. मैदा, लोणी, लबन, सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती समोर, अगदी डोळ्यांपुढे होती. त्यांनी घास घेतला. मीठ किंचित जास्त झालंय, त्यांच्या लक्षात आलं. आपल्या हातचं गरम गरम त्या बहुधा पहिल्यांदाच खात होत्या.

‘छान आहे’ असं कोणी म्हणालं नाही. बरणीचं झाकण फिरलं, सुरी काचेला लागली. कुणाल विमानतळाकडे कधी निघायचं ते बोलला, ज्ञानदा त्यावर काहीतरी म्हणून हसली, तोंडात घास असताना माणूस बोलतं तसं. मग पुन्हा जाळी किंचित सरकली. कोणाचा हात होता? कुणालचा असेल. अनंतरावांचा असेल. विजयाताईंनी बशीतला चुरा बोटानं गोळा केला आणि त्याच्याकडेच बघत राहिल्या.

सगळे उठले तेव्हा जाळी रिकामी होती.

पोरं खोल्यांत बॅगा भरायला गेली. विजयाताई जाळी घेऊन सिंकपाशी उभ्या राहिल्या. अनंतराव आपली बशी घेऊन मागून आले. आज पेपर नव्हता, त्यामुळे त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते बायकोच्या शेजारी उभे राहिले, थोडे घुटमळले, आणि हळू आवाजात म्हणाले, “सांगू का, तिनं किती खाल्ली?”

विजयाताईंचा हात नळावर थांबला. आतून ज्ञानदाचा आवाज येत होता, ती कुणालला कुठलीतरी बॅग उघडायला सांगत होती.

“नका सांगू,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नळ सोडला.